पन्नास अंशांच्या आत

गाडीतल्या हजेरीच्या यंत्रानं मला पहिल्यांदा गैरहजर ठरवलं, तेव्हा मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून डबा खात होतो. तोंडात घास होता. यंत्रानं आधी एक केविलवाणा सूर काढला, पडद्यावर लाल तापमापकाचं चित्र आलं, आणि 'तापमान मर्यादेबाहेर, बंद होत आहे' असं सांगून त्यानं मान टाकली. तिकडे मुख्यालयाच्या भिंतीवरच्या नकाशात माझा हिरवा ठिपका विझला. ज्याचा ठिपका विझला तो माणूस कामावर नाही, असा आमच्या पाणीपुरवठा खात्याचा नवा सिद्धांत आहे. सव्वीस वर्षं मी या शहराच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून तपासणीला नेतोय. पण मी आहे की नाही, हे ठरवायचं काम आता माझ्याकडे राहिलेलं नाही.

एरवी अर्ध्या दिवसाच्या गैरहजेरीसाठी मी रडत बसलो नसतो. पण माझा विनंती बदलीचा अर्ज गेलेला होता. बायको दुसऱ्या गावात शाळेवर शिकवते आणि अंथरुणाला खिळलेल्या तिच्या आईचं करते. मी इथे खानावळीचा डबा खातो आणि रोज संध्याकाळी फोनवर 'जेवलात का?' या प्रश्नाला 'हो' म्हणतो. संसार म्हणून एवढंच, आणि तेही गेली सात वर्षं. नियम असा की सलग एक वर्ष एकही गैरहजेरी नसेल तरच विनंती बदलीचा विचार होतो. नऊ महिने मी ताप, दाढदुखी आणि एका सख्ख्या भाच्याचं लग्न यांवर मात करून काढले होते. उरलेले तीन महिने नेमके उन्हाळ्याचे होते.

मी मुख्यालयाला फोन लावला.

"यंत्र सावलीत ठेवा," पलीकडची मुलगी म्हणाली.

"ते गाडीला ठोकून बसवलंय. काढलं तर छेडछाडीचा गुन्हा लागतो."

"मग गाडी सावलीत ठेवा."

"गाडी सावलीत ठेवली तर नमुने कोण घेणार?"

"सर, तो विभाग वेगळा आहे."

शेवटी पहिली वेळ म्हणून ती गैरहजेरी माफ झाली. चार अर्ज आणि एक माफीनामा लागला. माफीनामा यंत्र तापल्याबद्दल माझा. सोबत माहितीपुस्तिका आली. तिच्यात यंत्राचं सुरक्षित तापमान 'शून्य ते पन्नास अंश' असं दिलं होतं, आणि गाडीत हवा खेळती ठेवावी असंही होतं. त्याच टपालात दुसरं परिपत्रक होतं: उभ्या गाडीच्या काचा पूर्ण बंद असाव्यात, अन्यथा चोरीस कर्मचारी जबाबदार. दोन्हींवर एकाच अधिकाऱ्याची सही होती. त्या गृहस्थाच्या घरात हवा कशी खेळते हे मला एकदा बघायचं आहे. यंत्राशेजारी बसणाऱ्या माणसाचं सुरक्षित तापमान किती, हे पुस्तिकेत शोधलं. ते दिलेलं नव्हतं.

आमच्या इमारतीत पाणी दिवसातून एक तास येतं, आणि त्याचं खापर माझ्यावर फुटतं. सल्ला मात्र चोवीस तास येतो. सोसायटीचे चिटणीस म्हणाले, "ओला टॉवेल टाका हो त्याच्यावर. माठाचं तत्त्व." मी टाकला. माठ मातीचा असतो आणि यंत्र नसतं, एवढा फरक तत्त्वात बसला नाही. आत वाफ धरली आणि पडद्यावर घाम आला. 'यंत्रास ओलावा लागल्याचे आढळले, खुलासा करावा' असं पत्र आलं. मी खुलासा केला. खुलासे करण्यात माझा हात चांगला बसला आहे.

मग पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी उष्णतेच्या परावर्तनावर पाऊण तास व्याख्यान दिलं. त्यांच्या सांगण्यावरून मी पुढच्या काचेला आतून चकचकीत चांदीचा कागद लावला आणि गाडी फाटकाशी उभी करून अंघोळीला गेलो. सकाळचं ऊन त्या कागदावरून उसळलं ते थेट प्राध्यापकांच्या खिडकीतून आत शिरलं आणि दाढी करत असलेल्या प्राध्यापकांच्या डोळ्यांत गेलं. त्यांच्या एका बाजूच्या मिशा गेल्या. परावर्तन झालं होतं, सिद्धांतात खोट नव्हती, पण त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मला वाटतं, व्याख्यान यशस्वी झाल्याचा हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग असावा.

तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींनी मात्र मनापासून मदत केली. त्यांनी गाडीला पडदे शिवून दिले. कापड उरलेलं होतं, म्हणून पडदे गुलाबी फुलांचे झाले. त्या पडद्यांच्या आड मी भर दुपारी पंपगृहाजवळ गाडी लावून बसलो असताना काचेवर टकटक झाली. वाहतूक पोलीस होता, आणि त्याच्यामागे दहा-बारा माणसं.

"आत काय चाललंय?"

मी पडदा सारला. आत छप्पन्न वर्षांचा, बनियन घामानं भिजलेला एक सरकारी नोकर डाव्या हातानं यंत्रावर छत्री धरून उजव्या हातानं डबा खात होता. गर्दीची घोर निराशा झाली. पोलिसानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी हळू आवाजात विचारलं, "घरी कुणी आहे का?" मी डब्याचं झाकण लावलं. त्याला वाटलं मला ऊन लागलं असावं, म्हणून त्यानं दंड केला नाही. दंड केला असता तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी जिन्यात बर्फकाका भेटले.

बर्फकाका गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एकटे राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी शीतगृहांची यंत्रं दुरुस्त केली होती, त्यामुळे अर्धं आयुष्य लोकरीची टोपी घालून गेलं. ते बर्फासारखंच बोलायचे, थोडं आणि थंड. इमारतीत ते एकटेच असे होते ज्यांनी मला अजून सल्ला दिला नव्हता.

"ताप घालवू नका," ते म्हणाले. "ताप जाईल कुठे? त्याला वाट द्या. उद्या गाडी दाखवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पाहिली. पाण्याच्या नमुन्यांत जंतू वाढू नयेत म्हणून मला रोज बर्फ मंजूर असतो आणि त्याची एक जाड पेटी मागच्या बाजूला असते. काका त्या पेटीकडे बघून पहिल्यांदा हसले. "घरात दिवा आहे आणि तुम्ही काजवे धरताय." त्यांनी पेटीच्या झाकणाला भोक पाडलं, त्यात बागेची नळी बसवली, नळीच्या तोंडाशी बॅटरीवर चालणारा हातभर उंचीचा पंखा जोडला आणि नळीचं दुसरं टोक यंत्राच्या पाठीशी नेऊन सोडलं. बर्फावरची गार हवा यंत्राला लागू लागली. पडद्यावर आकडा उतरत गेला. एकोणपन्नास, सेहेचाळीस, एकेचाळीस.

"पंखा कुठून आणलात?" मी विचारलं.

"पडला होता घरात," ते म्हणाले. "मी थंडीचा माणूस. मला काय करायचाय?"

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष आकड्याकडे होतं.

बर्फाला मात्र मर्यादा होती. भर उन्हात तो दीड तासात संपायचा आणि मग नमुनेही बोंबलायचे. तेव्हा बारा ते दोन गाडी सावलीत हवीच होती. आणि या शहरात सावली शोधणं म्हणजे माझ्यासारख्यानं बढती शोधण्यासारखं आहे. रस्ते रुंद केले तेव्हा झाडं गेली. बागेत गाड्यांना बंदी. रुग्णालयाच्या सावलीत डॉक्टरांच्या गाड्या. शेवटी काकाच म्हणाले, "एक जागा आहे. तिथली झाडं तोडायचं धाडस कुणी करत नाही."

अशा रीतीनं आम्ही दोघं रोज दुपारी स्मशानात जाऊ लागलो.

जागा खरोखर उत्तम होती. जुनी, ऐसपैस झाडं, भिंतीला लागून बाक, हातपाय धुवायला नळ. त्या नळाचं पाणी मी तपासलं, शहरात सगळ्यांत शुद्ध निघालं. ज्यांना त्याची गरज उरलेली नाही त्यांच्याकडे दाब कायम चांगला असतो. मी डबा दोघांत वाटू लागलो. काका आधी नको म्हणायचे आणि मग निम्म्याहून जास्त खायचे. जेवण झालं की ते यंत्राचा आकडा वाचायचे, "चौतीस. झोपलंय बाळ," आणि स्वतःही बाकावर आडवे व्हायचे. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी झोप येत नाही, हे ते एकदाच, सहज बोलून गेले होते. मी बायकोला फोनवर सांगितलं की आता माझं दुपारचं जेवण सोबतीनं होतं. ती म्हणाली, "कुठे?" मी म्हणालो, "बागेत."

एकोणचाळिसाव्या दिवशी मुख्यालयाचं पत्र आलं. 'आपले वाहन दररोज दोन तास स्मशानभूमीत उभे असल्याचे नकाशावरून दिसते. आपल्या दुःखात कार्यालय सहभागी आहे. तथापि, एकोणचाळीस अंत्यविधींस उपस्थित राहण्यासाठी रजा घेतल्याचे आढळत नाही.'

मी खुलासा पाठवला. उत्तर आलं की सावलीसाठी थांबत असल्यास त्या ठिकाणच्या सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

स्मशानातले सक्षम अधिकारी म्हणजे तिथले कारकून. फार सज्जन माणूस. रोज रडणारी माणसं बघून त्यांच्या चेहऱ्यावर कायमची एक सहानुभूती बसली होती. पण त्यांच्याकडे छापील फॉर्म एकच होता, मृत्यूच्या नोंदीचा.

"सावलीचा दाखला आमच्याकडे नाही. हा एकच फॉर्म. पण शिक्का मिळेल."

"अहो, पण कुणी मेलेलं नाही."

"तुम्हाला शिक्का हवाय ना?" ते म्हणाले, आणि लिहू लागले. नाव या रकान्यात त्यांनी यंत्राचा क्रमांक घातला. वय, तीन महिने. कारण, उष्णता. "आणि तुमचं नातं?"

"यंत्राशी माझं काय नातं असणार? रिकामं ठेवा."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही. शिक्का बसत नाही."

मागे बाकावर काका हसून हसून खोकत होते. "सहकारी लिहा," ते म्हणाले. "दोघंही एकाच खात्यात भाजताहेत."

कारकुनांनी 'सहकारी' लिहिलं आणि शिक्का मारला. मुख्यालयानं तो फॉर्म फायलीला लावला आणि प्रकरण बंद केलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझा कुठलाही कागद इतक्या लवकर मंजूर झाला नव्हता.

असे दिवस जात होते. वर्ष पुरं व्हायला नऊ दिवस उरले. बायकोनं तिकडे माझ्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. हे तिनं सांगितलं तेव्हा मी पाण्याच्या दाबाबद्दल बोललो.

त्या दुपारी काका खाली आले नाहीत. शहरात सकाळपासून वीज गेलेली होती. मी फाटकाशी गाडी उभी करून हॉर्न वाजवला. यंत्राचा आकडा सदतीस होता. पाच मिनिटं थांबलो. मग मला काकांचाच राग आला, की बर्फ वितळतोय आणि हा माणूस टोपी शोधत बसला असणार. असं पुटपुटत मी चार मजले चढलो.

खोलीचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. काका खाटेवर पडले होते. अंग कोरडं आणि इतकं तापलेलं की हात लावताच मी मागे घेतला. ते भ्रमात कुणाला तरी शीतगृहाच्या तिसऱ्या खोलीचा दाब कमी कर म्हणून सांगत होते. खाटेच्या उशाशी भिंतीला एक लाकडी फळी होती. फळीवर धुळीत एक गोल, स्वच्छ ठसा होता, पंख्याच्या बैठकीएवढा. वीज गेली की उशाशी लावायचा त्यांचा पंखा खाली माझ्या गाडीत यंत्राला वारा घालत होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. प्राध्यापक धावत आले, एका बाजूनं अजून तोकड्याच असलेल्या मिशांसकट. न बोलता त्यांनी काकांचे पाय धरले, मी खांदे धरले. जिन्यात वहिनींनी दार उघडलं आणि भिजवलेल्या चादरी घेऊन त्याही आल्या. काकांना मागच्या सीटवर घातलं. मी पेटीचं झाकण काढलं, नमुन्यांच्या बाटल्या रस्त्यावर ठेवल्या आणि सगळा बर्फ काकांच्या काखेत, मानेशी, छातीवर लावला. मग यंत्रामागची नळी उपटली आणि पंखा प्राध्यापकांच्या हातात दिला. "त्यांच्यावर धरा."

चौकातल्या बंद सिग्नलपाशी यंत्रानं तो केविलवाणा सूर काढला. पन्नास. एकावन्न. 'तापमान मर्यादेबाहेर.'

"हे काय म्हणतंय?" प्राध्यापकांनी विचारलं. दोन महिन्यांनंतर ते माझ्याशी बोलत होते.

"काही नाही," मी म्हणालो. "त्याची सवय आहे."

रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत ते बंद पडलं होतं. माझ्या फोनवर मुख्यालयाचा संदेश आला: अर्धा दिवस, गैरहजर, दुसरी वेळ, माफी नाही. मी तो वाचला आणि स्ट्रेचर धरलं.

काका आणखी दोन दिवस होते. दुसऱ्या संध्याकाळी थोडा वेळ शुद्धीवर आले. माझ्याकडे बघून त्यांनी बोटानं जवळ बोलावलं.

"आकडा?"

"बत्तीस," मी खोटं बोललो.

"वा," ते म्हणाले. कामगिरी फत्ते झालेल्या माणसासारखा चेहरा झाला त्यांचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू थंड ठेवल्या, ही शेवटचीही राहिली असं त्यांना वाटलं असेल. मला त्यांना पंख्याबद्दल विचारायचं होतं, माफीही मागायची होती. चार-चार अर्ज लिहिणारा मी, मला एक वाक्य जमलं नाही.

रात्री बायकोला फोन केला. बदली गेली हे सांगितलं, का गेली तेही सांगितलं, आणि बाग म्हणजे कुठली ते पण सांगून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "कप्पा तसाच ठेवते." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "जेवलात का?" मी पहिल्यांदाच "नाही" म्हणालो.

काकांना कुणी नव्हतं. चिटणीसांनी जुन्या कागदांत शोधलं, कुणाचा पत्ता निघाला नाही. शेवटी आम्ही इमारतीतलेच सातआठ जण गेलो. कारकुनांनी मला ओळखलं. त्यांनी आधी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता तोच फॉर्म काढला. नाव त्यांनी मला विचारून लिहिलं. वय मला ठाऊक नव्हतं, प्राध्यापकांनी अंदाजानं सांगितलं.

"कारण?"

"उष्णता," मी म्हणालो.

त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं. "नात्याचा रकाना..." ते हळूच म्हणाले. "रिकामा नाही ठेवता येत. सहकारी लिहू का?"

"नको," मी म्हणालो. "पुतण्या लिहा."

त्यांनी लिहिलं आणि शिक्का मारला. बाहेर गाडीतून यंत्राचा सूर ऐकू येऊ लागला, आधी हळू, मग जोरात. मी उठलो नाही. झाडांखाली भरपूर जागा होती, पण गाडी मी त्या दिवशी उन्हात लावली होती.